तयार वीर आणि सुईवाली

सकाळपासून धुकं असं दाटलं होतं की दुकानासमोरचा दिव्याचा खांबही दिसेना. शिंपीणबाई बल्बाखाली बसून एका कोटाची बाही उसवत होत्या. तेवढ्यात लेक धापा टाकत आली. एक गेम खेळून बघायला तासभर चल, म्हणाली.

बाईंनी जन्मात गेम खेळला नव्हता. नेमकं तसंच माणूस हवं होतं. खेळणाऱ्याने आपला नायक आपणच घडवावा, ही सोय लेकीने कंपनीत दोन वर्षं खपून केली होती. तिच्या साहेबांचं म्हणणं, लोक तयार वीरच उचलतात. आज पाचही नवख्यांनी तोच उचलला, तर सोय काढून टाकायची. चौघांनी उचलला होता. पाचव्या बाई, आणि त्यांना यातलं अवाक्षर सांगायचं नाही, अशी अट.

कंपनीत बाईंना बसवलं आणि पडद्यावर वीर उभा राहिला. रुंद खांदे, सोनेरी चिलखत, तरणाबांड. बाईंनी चष्मा वर सरकवून त्याला न्याहाळलं.

"काखेत दाटतंय ह्याला. तलवार उचलणार कशी?"

साहेब हसले. दिसायला रुबाबदार आहे की, म्हणाले.

"साहेब, रेडिमेड सगळ्यांना होतं, बसत कुणालाच नाही. दुसरं दाखवा."

लेकीने खुर्चीची पाठ घट्ट धरली.

पडद्यावर ‘स्वतः घडवा’ असं बटण होतं, ते बाईंनी दाबलं आणि मग पाऊण तास हलल्या नाहीत. साठीची, ठेंगणी, मशिनीवर वाकून किंचित पोक आलेली अशी बाई त्यांनी घडवली. हत्यारांच्या पेटीतली तलवार बाजूला सारून सुई घेतली.

पुलावर ड्रॅगन आडवा आला. आता खेळ आटोपला, असं साहेब पुटपुटले. बाई मात्र त्याच्या डाव्या पंखाकडे बघत होत्या.

"उसवलाय हो. म्हणून पिसाळलाय बिचारा."

त्यांनी सुईचं बटण दाबलं. एकेक टाका पडत गेला. शेवटच्या टाक्याला ड्रॅगनने मान खाली घातली, म्हातारीला पाठीवर घेतलं आणि नदीवरून उडाला. मागे उभे असलेले सगळे टाळ्या पिटायला लागले.

हे कधी घातलंस, साहेबांनी लेकीला विचारलं.

"पहिल्याच महिन्यात. पण तलवार घेऊन येणाऱ्याला तो पंख शिवता येत नाही ना."

साहेबांनी खुर्ची पडद्याजवळ ओढली.

"सोय राहू दे," ते म्हणाले. "आणि मलाही एकदा खेळायचंय."

लेकीने सगळ्यांदेखत आईला मिठी मारली. खेळातल्या यशापायी एवढं कशाला, हे बाईंना वाटेत लेकीकडून कळलं, तेव्हा त्या भर रस्त्यात थांबून पोट धरून हसल्या.

दुकानात आल्या तेव्हा धुकं विरलं होतं. त्यांनी सुईत दोरा ओवला आणि उसवलेली बाही मांडीवर ओढली.