कलाबाईची हाक

जानेवारीतली धुई पडली की मखमलाबादच्या पुढचा सगळा मुलूख कुणीतरी ओल्या फडक्यानं पुसून घेतल्यासारखा दिसतो. कॅनॉलचा बांध नाही, पलीकडची द्राक्षबाग नाही, रस्त्यावरची दूधवाल्याची गाडीही नाही. नुसता तिचा आवाज येतो आणि जातो. त्या सकाळीही तसंच होतं. सुवर्णा कमरेला फडक्याचा ओटा बांधून शेवंतीच्या ओळीत वाकली होती. बोटं गारठून लाकडासारखी झाली होती, पण फुलं बरोबर सापडत होती. डोळ्यांना दिसायच्या आधीच बोटांना कळायचं, हे उमललं, हे उद्याचं. ओटा भरला की ती बांधावर यायची आणि गोणपाटावर फुलं पसरून टाकायची, कारण ओली फुलं क्रेटात दाबली की काळी पडतात. सात वाजता ज्ञानेश, तिचा नवरा, गाडीला क्रेट बांधून गणेशवाडीच्या फुलबाजारात जायचा. तोवर धुईत फक्त खुडण्याचा बारीक आवाज.

कमरेचा फोन थरथरला. नुसता थरथरला, वाजला नाही. सुवर्णानं ओट्याखाली हात घालून तो दाबला आणि अंगणाकडं बघितलं. अंगणात बाजेवर गोधडी पांघरून तिची सासू, कलाबाई, बसली होती. धुईत तिचा पांढरा पदर तेवढा दिसत होता. तिला काही ऐकू गेलं नव्हतं. सुवर्णाचा जीव भांड्यात पडला.

मागच्या पावसाळ्यापासून सुवर्णाचा फोन असा मुका होता. कलाबाईला लकवा मारला तेव्हापासून.

लकव्याच्या आधी कलाबाईचा आवाज चार वावरं ओलांडून जायचा. ती देवळ्याकडची. चाळीस वर्षं इकडं काढली, पण ‘आली’ला ‘उनी’ म्हणायची सोडली नाही. मोटरीला थ्री फेज लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा आडवेळी. आणि वेळापत्रकावर विसंबून राहावं असं त्यात काही नाही. म्हणून रोज तांबडं फुटायला कलाबाई मोटरीच्या खोलीत जाऊन उभी राहायची. तिथं मोटर चालू करायच्या पेटीवर तीन बारके दिवे. लाल, पिवळा, निळा. एक लागला तर ती गप्प. दोन लागले तरी गप्प, कारण दोन फेजवर मोटर टाकली की जळते. तिन्ही लागले, की बाहेर येऊन हाक मारायची, “ऊठ वं सुवर्णा, लाईट उनी.” ही हाक सुवर्णासाठी असली तरी तिच्यावर आजूबाजूच्या सहा मोटरी चालू व्हायच्या. शेजारचा मल्हारी तर दिवे बघायला आपल्या खोलीत जायचाच नाही. म्हणायचा, “मावशी बोलली म्हणजे आली. दिवे खोटं बोलतील.”

तीन वर्षांपूर्वी भावजय आजारी म्हणून कलाबाई चार महिने देवळ्याला राहायला गेली. आणि सुवर्णाला जागच येईना. लग्नाला बारा वर्षं झाली होती, पण ती घड्याळावर कधी उठलीच नव्हती. उठायची ती हाकेवर. जायच्या आदल्या दिवशी तिनं सहज फोनमध्ये सासूची हाक धरून ठेवली होती. तिचं तिनं मग एक छोटं ॲप केलं. ठरल्या वेळेला रिंग नाही, हाक येईल असं. त्याचं नावही तिनं ‘हाक’ ठेवलं.

हा तिचा जुना नाद. पंचवटीतल्या कॉलेजातून ती बी.एस्सी. कॉम्प्युटर झाली होती, आणि फुलं बाजारात गेली की दुपारचे दोन तास तिचे स्वतःचे असायचे. तेव्हा जुना लॅपटॉप मांडीवर घेऊन ती जुन्या फोनांसाठी बारकी बारकी ॲपं करायची. फवारणीनंतर किती दिवस झाले ते सांगणारं एक. पाणी किती वेळ चाललं ते मोजणारं एक. बॅटरी न खाणारी एक विजेरी. का, तर वावरातला फोन हा कधी नवा नसतोच. तो आधी नवऱ्याच्या खिशात असतो, मग बायकोच्या पिशवीत, मग सासूच्या उशाखाली, आणि शेवटी काच फुटून गोठ्यातल्या खुंटीला. आणि कुठलंही नवं ॲप टाकायला गेलं की फोन म्हणतो, मी म्हातारा झालो, मला नाही जमायचं. सुवर्णाला ते पटायचं नाही. तिची चार ॲपं मिळून एका फोटोएवढीही जागा खायची नाहीत. ती इंटरनेटवर ती फुकट ठेवायची, आतला सगळा कोडही उघडा. ज्याला हवं त्यानं घ्यावं, मोडावं, दुरुस्त करावं. कोण वापरतं हे मोजायची सोय मात्र तिनं मुद्दाम ठेवली नव्हती. लोकांच्या घरात कशाला डोकवायचं.

त्यामुळंच ती चूक तिला वर्षभर कळली नाही. ‘हाक’ सगळ्यांसाठी ठेवताना आपला आवाज आपण भरायचा अशी सोय तिनं केली होती, पण नमुन्याचा म्हणून सासूचा आवाज आतच राहून गेला. आणि स्वतःचा आवाज भरायचा कुणी कंटाळा केला तर कलाबाईच हाक मारायची. ब्लूटूथवरनं ते ॲप या फोनातनं त्या फोनात, या वस्तीवरनं त्या वस्तीवर गेलं. गिरणाऱ्याच्या बाजारात टोमॅटोच्या ढिगामागनं कुणाचातरी फोन “ऊठ वं सुवर्णा” म्हणाला तेव्हा ज्ञानेश हातातला क्रेट टाकून उभाच राहिला. कुठल्याशा डोंगराळ थंड देशातल्या एका भट्टीवाल्यानं तर चिठ्ठी लिहिली होती. तो पहाटे पाव भाजायला उठतो. ही बाई काय म्हणते त्याला कळत नाही, पण ती रागावलेली नाही आणि घाईतही नाही, म्हणून तिचा आवाज कृपा करून बदलू नका.

सुवर्णा तेव्हा हसली होती. सासूला दाखवू म्हणाली होती. ते राहून गेलं आणि पावसाळ्यात लकवा आला. उजवी बाजू थोडी थोडी परत आली, आवाज आला नाही. ओठ हलायचे, नुसती हवा यायची. दिवाळीत ज्ञानेशनं बरं वाटावं म्हणून लग्नातला व्हिडिओ लावला, त्यात कलाबाई हळदीचं गाणं म्हणत होती. तिनं थोडं ऐकलं आणि भिंतीकडं तोंड केलं. दोन दिवस जेवली नाही.

तेव्हापासून सुवर्णाला एकच धास्ती. ही हाक सासूच्या कानावर पडता कामा नये. तिनं आपला फोन मुका केला, मल्हारीला सांगून त्याच्या फोनातला आवाज बदलून घेतला, आणि ॲपचा नवा अवतार तयार केला, ज्यात नमुन्याचा आवाज म्हणून साधी घंटा होती. आज दुपारी ती तो सगळ्यांसाठी ठेवणार होती. आधीच गेलेल्या हाका मात्र परत बोलावता येत नव्हत्या. त्या धुईसारख्या कुठं कुठं पसरून बसल्या होत्या.

आणि त्यातली एक त्या सकाळी तिच्याच वावरात आली.

पेठकडची नवसाबाई कालपासून फुलं तोडायला येऊ लागली होती. काल तिचा फोन घरी राहिला होता. आज तिच्या कमरेच्या बटव्यातनं, शेवंतीच्या ओळीतनं, स्वच्छ, भरदार आवाज उठला.

“ऊठ वं सुवर्णा, लाईट उनी.”

सुवर्णाच्या हातातली फुलं खाली सांडली. नवसाबाई बटवा चाचपत हसत सांगायला लागली की ही म्हातारी रोज मला सुवर्णा म्हणून उठवते, बहिणीच्या फोनातनं आलीय, मी पण हो बाई म्हणते आणि उठते, तोडणीला यायचं म्हणून आज मीच तिच्या आधी उठले. सुवर्णाला त्यातलं अर्धंच ऐकू आलं. दुसरी हाक झाली. तिसरी झाली. मग गप्प.

ती अंगणाकडं पळाली. कलाबाई बाजेवरनं अर्धी उठली होती. चेहरा लाल झालेला, डावा हात हवेत. सुवर्णाला वाटलं, फोन फेकून द्या म्हणतेय. ती खाली बसली, सासूचे पाय धरले आणि भडाभडा सांगत सुटली, की चूक माझी, तुमचा आवाज राहून गेला, आज काढणारच होते. कलाबाईनं डाव्या हातानं तिचं तोंड बाजूला सारलं, जशी एखादी आडवी आलेली फांदी सारावी. आणि परत हात केला. मोटरीच्या खोलीकडं.

खोलीचं दार उघडं होतं. आत पेटी. पेटीवर एकही दिवा नव्हता.

हळूहळू, धुई विरते तसं, सुवर्णाला उमगत गेलं.

“आत्या, लाईट नाय आली, असं म्हणताय?”

कलाबाईनं मान हलवली. मग स्वतःच्या गळ्याला बोट लावलं, रिकाम्या पेटीकडं दाखवलं, आणि सुनेकडं अशा नजरेनं बघितलं की लग्नाच्या पहिल्या वर्षी दूध उतू गेल्यावरही तिनं तसं बघितलं नव्हतं. सुवर्णाला ते शब्दांइतकं स्पष्ट ऐकू आलं. माझ्या आवाजाला खोटं बोलायला लावतेस?

लाईटीचा आठवडा बदलला होता. फोन मात्र घड्याळ बघून हाक मारत बसला होता.

दुपारी ज्ञानेश बाजारातनं आला तेव्हा सुवर्णा लॅपटॉप घेऊन बाजेच्या पायाशी बसली होती. घंटेचा अवतार तिनं ठेवला नव्हता. तिनं सासूला सगळं सांगितलं. गिरणाऱ्याचा बाजार, नवसाबाईची बहीण, भट्टीवाल्याची चिठ्ठी वाचून तिचा अर्थसुद्धा. पावाच्या भट्टीचं ऐकून कलाबाईचे खांदे हलायला लागले. ज्ञानेश घाबरला, पाणी आणायला धावला. ती हसत होती.

मग सुवर्णानं विचारलं, “आवाज काढू का ठेवू? तुम्ही सांगाल तसं.”

कलाबाईनं मोटरीच्या खोलीकडं हात करून मूठ उघडली, आणि तोच हात आपल्या ओठांपाशी नेला. दिवा लागला, की मग बोल.

सुवर्णाला ते सोपं वाटलं. जुना फोन खोलीतच चार्जरला टांगायचा. लाईट आली की तो चार्ज व्हायला लागेल आणि तेव्हाच हाक मारेल. घड्याळाचा संबंधच नाही. चार दिवसांत तिनं ते केलं. पाचव्या दिवशी हाक आली, सगळे आनंदानं खोलीत गेले, आणि कलाबाईनं बाजेवरनंच तीन बोटं वर केली. पेटीवर एकच दिवा होता. चार्जरला एक फेज पुरते. मोटरीला नाही पुरत.

“मावशीच्या परीक्षेत पास होणं सोपं हाय का,” मल्हारी म्हणाला. तो सातपूरच्या एका कारखान्यात वायरमन. शनिवारी त्याला सुट्टी असते, तेव्हा तो पक्कड घेऊन आला. खोलीत तीन चार्जर लागले, एकेका फेजवर एकेक. त्यांना तीन म्हातारे फोन. ज्ञानेशचा काच फुटलेला जुना, कलाबाईच्या उशाखालचा, आणि मल्हारीच्या गोठ्यातला, ज्याच्या बटणांत कडब्याचा भुसा होता. तिघांनी आपापला दिवा सांभाळायचा आणि ब्लूटूथवरनं एकमेकांना हळूच विचारायचं, तुझा लागला का, तुझा लागला का. तिघंही हो म्हणाले, तरच मधल्यानं हाक मारायची. लावून झाल्यावर सुवर्णा दारात उभी राहून ते बघत राहिली. तीन फोन खुंट्यांना टांगलेले, अंधारात एकमेकांशी कुजबुजणारे, लाईटीची वाट बघणारे. तिला उगीच वाटलं, यांना आता आणखी कितीतरी वर्षं मरण नाही.

त्यानंतरचे दोन दिवस दोनच दिवे येत-जात राहिले आणि फोन गप्प बसले. कलाबाई दर वेळी बाजेवरनं बघायची, कान द्यायची आणि पुन्हा गोधडी ओढायची.

तिसऱ्या दिवशी धुई उन्हानं पिवळी पडायला लागली होती. सुवर्णा चहाचं पातेलं घेऊन अंगणात आली आणि तेवढ्यात खोलीतनं हाक आली. भरदार, घाई नसलेली. “ऊठ वं सुवर्णा, लाईट उनी.” पलीकडच्या वावरातनं मल्हारीची मोटर गुरगुरली. मग आणखी एक. मग कॅनॉलच्या पलीकडनं, जिथं काहीच दिसत नव्हतं तिथनं, तिसरी.

सुवर्णानं सासूकडं बघायचं धाडस केलं. कलाबाईनं आधी खोलीतले दिवे मोजले. लाल, पिवळा, निळा. तिचे ओठ हाकेबरोबर हलले होते की काय, सुवर्णाला नीट दिसलं नाही. दिसलं असतं तरी तिनं कुणाला सांगितलं नसतं. कलाबाईनं एकदाच मान हलवली. आणि मग सून अजून पातेलं धरून उभीच आहे हे बघून तिनं डाव्या हातानं वावराकडं बोट केलं.

“जाते, जाते,” सुवर्णा म्हणाली.

तिनं पातेलं बाजेपाशी ठेवलं, मोटर टाकली, फावडं खांद्यावर घेतलं आणि कोथिंबिरीच्या वाफ्याकडं गेली. पाणी पाटातनं धावत येत होतं. तिनं पहिल्या वाफ्याचं तोंड फोडलं, मातीचं ढेकूळ पलीकडं लावलं, आणि पाणी कोपऱ्यापर्यंत पोचेस्तोवर फावड्यावर टेकून उभी राहिली.