उलटी कव्हरं

कपाट आवरताना ती कॅसेट हाताला लागली आणि बुरशीच्या वासाने मला अंबरपेठेत राजूगारूंच्या व्हिडिओ लायब्ररीत नेलं. वेगळ्या राज्यासाठी आंदोलन पेटलं होतं आणि राजूगारू गुंटूरकडचे, म्हणजे आंदोलकांच्या लेखी परके. सीडीच्या जमान्यातही त्यांनी कॅसेटा जपल्या होत्या. कव्हर उलटं ठेवलं, की कॅसेट बाहेर गेलीय असं समजायचं. त्या दुपारी सगळीच कव्हरं उलटी होती, कॅसेटा मात्र आतच.

मी तेव्हा शाळकरी; कुणीच नेत नसलेला एक भुताचा सिनेमा मागितला. रस्त्यावरच्या घोषणा जवळ येत होत्या. त्यांनी शटर अर्धं ओढलं.

"वापस कब लाऊं?"

"रख लेव, अम्मा. वापस नक्को लाव."

घबाड मिळाल्यासारखी मी नाचत घरी गेले. दुकान पुन्हा उघडलं नाही.

आज कॅसेट पुसून मी कव्हर उलटं ठेवलं.