गायिका सुटली का?

आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच. त्यामुळे सेमिनारमध्ये कागद न बघता बोलायचं असतं, हे मला आधी कोणी सांगितलेलं नव्हतं. वाचायला दिलेली कादंबरी भयानक होती. एका गाजलेल्या गायिकेला तिची एक चाहती तळघरात कोंडून ठेवते, वेळेवर जेवू घालते, तिचे केस विंचरते आणि रोज तेच एक गाणं म्हणायला लावते. या पुस्तकावर मला एकटीने वर्गासमोर बोलायचं होतं. बाकीची मुलं इतकी सहज बोलायची, की वाटायचं, ही घरी जेवतानाच असं बोलायला शिकली असावीत. मी कोर्स ड्रॉप करायचं ठरवलं.

बाबा जर्सी सिटीतल्या एका इंडियन ग्रोसरीत काम करतात. सकाळी दुकानाच्या व्हॅनमधून मला कॉलेजला सोडतात. ड्रॉपचं सांगितलं तर ते एवढंच म्हणाले, "बरं. पण पुस्तकात आहे काय, ते तरी सांग."

मी चाचरतच सांगायला लागले. कॉलेज आलं तेव्हा गायिकेला नुकतीच किल्ली दिसली होती. उतरायला गेले तर दार उघडेना.

"बाबा, लॉक काढा ना."

"आधी सांग, किल्ली मिळाली का तिला?"

"बाबा! माझा क्लास आहे!"

"मग पटकन सांग. तुझी सुटका तुझ्याच हातात आहे."

मागच्या गाडीने हॉर्न दिला तेव्हा कुठे त्यांनी मला सोडलं.

मग रोज सकाळी तेच. एकदा ते वैतागून म्हणाले, "अगं, दार उघडं राहिलं होतं ना त्या दिवशी? मग ती पळाली का नाही? मूर्खच आहे."

"मूर्ख नाही हो, बाबा. बाहेर तिला सगळे विसरलेत. इतकं कान देऊन ऐकणारी आता ही एकच बाई उरलीय. तिला चाहतीची भीती वाटते, आणि ही चाहती निघून गेली तर काय, याचीही."

हे मला कोणी शिकवलं नव्हतं. माझं मलाच सुचलं होतं. बाबा गाडी चालवता चालवता "हं" म्हणाले.

शेवट मी राखून ठेवला. "वर्गात बोलून आले की सांगेन," मी म्हणाले, आणि कोर्स सोडत नाहीये हे मला माझ्याच तोंडून कळलं.

वर्गात सुरुवातीला मी कागदावर बघूनच बोलत होते. मग मी त्या उघड्या दाराविषयी बोलायला लागले. हळूहळू समोरच्यांनी लॅपटॉपवरून नजर वर केली. पुढचं कागदावर काय लिहिलंय, हे बघायची मला गरजच पडली नाही. त्या दिवशी बाबा न्यायलाही आले होते; घरी येताना त्यांना शेवट सांगितला.

शनिवारी दुकानात गेले तर मेथीची जुडी हातात धरून एका काकूंनी मला गाठलं.

"काय गं, ती गायिका सुटली का?"

"काकू, तुम्हाला कसं माहीत?"

"तुझे बाबा रोज थोडं थोडं सांगतात. आणि आता अडून बसलेत. म्हणे, शेवट माझी मुलगीच सांगेल, तिने कॉलेजात सांगितलाय."

रांगेतल्या अजून दोघी वळल्या. मी काउंटरकडे पाहिलं. बाबांनी बिल करायचं थांबवलं होतं.

मी सुरुवात केली.

"जरा मोठ्याने," बाबा म्हणाले, "मागे ऐकू येत नाहीये."