कुलूपबंद कचेरीतला एंगेज फोन

अलेक्झांड्रियातल्या त्या कापसाच्या कचेरीत टेलिफोन ऑपरेटर इन्साफचा दरारा असा, की साहेबसुद्धा बाहेरची लाइन तिच्याकडे लाडीगोडीने मागायचे. लोक कचेरीच्या फोनवर सासवा-सुनांची उणीदुणी काढतात, म्हणून निम्म्या खोल्यांची बाहेरची लाइन तिने बंदच करून टाकली होती. वर स्वतःच्या आवाजात टेप भरून ठेवली: "या खोलीतून बाहेर फोन लागत नाही. शून्य दाबा, ऑपरेटरशी बोला." शून्य म्हणजे तिचंच टेबल.

आणि ही शिस्तीची पुतळी स्वतः काय करायची? सुट्टीत घरून कचेरीचा नंबर लावायची, गुपचूप खुणेचे आकडे दाबायची, की आतली लाइन हिच्या हाती. मग कचेरीच्या खर्चाने कुवेतच्या बहिणीशी मनसोक्त गप्पा! फक्त आधी आपल्याच टेबलाचा फोन वाजवून बघायची. कोणी उचलला नाही, की रान मोकळं.

बकरी ईदच्या सुट्टीत एका दुपारी तिने तसंच केलं. टेबलाचा फोन एंगेज लागला.

कचेरीला तर कुलूप, आणि सुट्टीत बाहेरचे फोन त्या टेबलावर येत नसत. मग आतून तिच्या टेबलाला फोन करतंय कोण? "बिस्मिल्ला!" म्हणत तिने रिसीव्हर आदळला. सांगायचं तरी कोणाला? तुला घरबसल्या कसं कळलं, हेच आधी विचारणार, आणि नोकरी जाणार. ती मुकाट्याने ईदच्या मटण-भाताच्या फत्त्यासाठी पाव तळत बसली.

पण जीव थाऱ्यावर येईना. संध्याकाळी पुन्हा लावला, तरी एंगेजच. मग तिने घरूनच एकेक खोली वाजवून पाहिली. सगळ्या वाजल्या, तळघरातली जुन्या कागदांची खोली तेवढी एंगेज. तिथे जेवण झाल्यावर डुलकी काढायची सवय एकालाच, म्हाताऱ्या कारकुनाला, अम्म बिशरीला, म्हणजे सगळ्यांच्या बिशरीकाकाला. घरी एकटा जीव. सणाला त्याची वाट बघणार कोण?

"खड्ड्यात गेली नोकरी!" म्हणत ती अनवाणीच धावली.

दरवान इद्रिस कुरकुरला, "मॅडम, सणासुदीचं भूत शिरलं का तुमच्यात? मी स्वतः तळघरापर्यंत सगळीकडे कुलूप घातलंय, आत कोणी नाही."

"बघितलंस तरी का मेल्या, कुलूप घालताना? किल्ली आण!"

तळघरातल्या खोलीचं दार उघडलं. बिशरी भिंतीला टेकून बसला होता, ओठ कोरडे फुटलेले, रिसीव्हर कानाशी. जिवंत होता. इन्साफला रडूच फुटलं.

"अम्म बिशरी, मी आलेय हो! मी, इन्साफ!"

तो आवाज ऐकताच म्हातारा दचकून कोपऱ्यात सरकला. मग तिच्याकडे न बघता, तिच्याच ठसक्यात, शब्दन् शब्द म्हणाला, "या खोलीतून बाहेर फोन लागत नाही."