थंडोबाने शाळा पाहिली ती सुट्टीत

त्याला सगळे थंडोबा म्हणत. एक तर एसी दुरुस्तीचं काम, आणि त्यात स्वभावही तसाच. घराला आग लागली तरी हा गृहस्थ आधी शर्टाची बटणं नीट लावेल आणि मग बाहेर पडेल, असं त्याची बायको म्हणायची, आणि ते काही फार खोटं नव्हतं. परदेशातल्या कंपनीने नोकरी दिली तेव्हाही पठ्ठ्याने जेवण संपवलं, हात धुतले आणि मग घरात सांगितलं. ऐकून बायकोचं गॅसवरचं दूध उतू गेलं.

आधी तो एकटाच जाणार होता. निघताना बायकोने बजावलं, "घर कसलंही चालेल. शाळा मात्र नीट बघा. थोरलीचं मन तिथे लागलं नाही, तर आम्ही तिघं परत येऊ. तुम्ही बसा तिकडे एसीशी संसार करत."

ही धमकी नव्हती बरं का. थोरली अकरा वर्षांची. मराठी शाळेत शिकलेली, प्रश्न पुरा व्हायच्या आत हात वर करणारी. पण इंग्रजी बोलायचं म्हटलं की पोरीच्या तोंडाला कुलूप. त्यात कुणा शहाण्याने तिला सांगून ठेवलं होतं, की तिकडे इंग्रजी येत नसेल तर दोन वर्ग खाली बसवतात. तिने असा धसका घेतला, की जेवता जेवता मध्येच गप्प व्हायची. धाकट्याची काळजी नव्हती. तो सात वर्षांचा. त्याला कुठेही सोडा, संध्याकाळपर्यंत एक मित्र आणि एक भांडण घेऊन येणार.

तिकडे पोचल्यावर थंडोबा शाळांच्या मागे लागला. बड्या इंटरनॅशनल शाळांची फी ऐकून एसीवाल्याला घाम फुटला. कंपनी अर्धी फी देणार होती, पण ती दिल्यावरही परवडतील अशा दोनच शाळा निघाल्या. आणि नशीब बघा, सुट्टीत त्या दोन्ही शाळांतल्या एसींची साफसफाई त्याच्याच कंपनीकडे होती. मग काय, शिडी खांद्यावर टाकून तो वर्गावर्गात हिंडला.

पहिल्या शाळेवर त्याचा जीवच जडला. भिंतींवर डाग नाही, बाकांवर ओरखडा नाही, एसीच्या जाळ्या कालच बसवल्यासारख्या. दुसरी शाळा म्हणजे जुनी इमारत. जिन्याची भिंत मुलांच्या हाताच्या उंचीपर्यंत काळी झालेली, बाकांवर नावं कोरलेली, एका एसीच्या जाळीत तर कागदाची विमानं अडकलेली. तिथून तो शिंकत शिंकत बाहेर आला. पहिल्या शाळेत त्याने लगेच दोन जागा धरून ठेवल्या आणि बायकोला फोनवर सांगितलं, "काम फत्ते!"

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी बायकामुलं आली. थंडोबाने कौतुकाने मोबाइलवर फोटो दाखवायला घेतले. हा व्हरांडा, हे वाचनालय, हे छतावरचं एसीचं युनिट, हे त्याच युनिटचं मागून.

"मुलं कशी आहेत तिथली?" बायकोने विचारलं.

"मुलं? मुलं नव्हती. सुट्टी होती ना."

बायकोने कपाळावर हात मारला. "अहो, शाळा बघायला गेला होतात की गोदाम?"

आता सांगा, यात बिचाऱ्याचा काय दोष? उभ्या आयुष्यात तो कामासाठी शाळांत गेला तो मुलं नसतानाच. वर्ग रिकामे असले तरच शिडी लावता येते. त्यामुळे रिकामी शाळा म्हणजेच चांगली शाळा, हे त्याच्या डोक्यात इतकं पक्कं बसलेलं, की आपलं काही चुकतंय हे त्याच्या गावीही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बायकोने मुलांना शाळेत पाठवलंच नाही. शाळा सुटायच्या वेळेला सगळं कुटुंब घेऊन ती त्या चकचकीत शाळेच्या फाटकासमोर जाऊन उभी राहिली. मुलं रांगेने बाहेर आली आणि खाली मान घालून एकेक करून गाड्यांत बसली. कुणी कुणाला हाक मारली नाही.

"आई, ही पोरं आजारी आहेत का गं?" धाकट्याने विचारलं.

आत ऑफिसातल्या बाईंनी थोरलीला दोन प्रश्न विचारले. ती आईच्या मागे सरकली. बाई गोड हसून म्हणाल्या, "दोन वर्ग खाली बसवू. नियमच आहे."

थोरली रडली नाही. नुसती जमिनीकडे बघत राहिली. ते थंडोबाच्या नजरेतून सुटलं नाही. आणि जे लग्नापासून बायकोने कधी पाहिलं नव्हतं ते झालं. त्याचा आवाज चढला! "नको आम्हाला तुमची जागा. दोन्ही नकोत!" असं म्हणून तो तरातरा बाहेर पडला. बायको बघतच राहिली, आणि खरं सांगायचं तर तिला तो त्या क्षणी फार आवडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे त्या जुन्या इमारतीतल्या शाळेकडे निघाले, तर तिचा गलबला कोपऱ्यापासूनच ऐकू येत होता. तिथल्या मुख्याध्यापिका ठेंगण्याठुसक्या, बाहीला खडूची पूड लागलेली. त्या आईबापांना सोडून थेट थोरलीशीच बोलल्या. ती गप्पच. त्या म्हणाल्या, "हरकत नाही. इथली निम्मी मुलं आली तेव्हा अशीच होती. आज तुझ्या वयाच्या वर्गात बस. शाळा सुटल्यावर तूच सांग, याच वर्गात बसायचं का ते." धाकटा तर तोवर मैदानात पसारही झाला होता.

दिवसभर नवराबायको फाटकाबाहेरच्या बाकावर बसून राहिले. म्हणजे बायको बसली. थंडोबाचा पार गरमोबा झाला होता. रडत बाहेर आली तर? परवडणारी तिसरी शाळा नव्हती. पुन्हा एकट्याने राहायचं, पुन्हा फोनवर पोरांचे चेहरे बघायचे, या विचाराने तो फाटकापासून कोपऱ्यापर्यंत येरझारा घालत होता.

शाळा सुटली. आरडाओरडा करत पोरांचा लोंढा बाहेर आला, आणि त्यात थोरली दिसली. शेजारी कुरळ्या केसांची एक मुलगी. दोघी हातवारे करत तावातावाने भांडत होत्या. थोरलीला शब्द सापडत नव्हते. मग ती बोटांनी हवेत काहीतरी काढून दाखवायची, पायाने जमिनीवर रेघ मारायची, आणि पुन्हा तोडकंमोडकं इंग्रजी बोलायला लागायची.

बायको लगबगीने पुढे गेली. "काय गं, कसा गेला दिवस? बसशील ना या वर्गात?"

"आई, थांब ना जरा! आमचं बोलणं चाललंय."

बायको मागे फिरली. थंडोबाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्याला सुचत नव्हतं.

"काय मग, काढू का आमची परतीची तिकिटं?" बायकोने चिडवलं.

"गप गं," थंडोबा म्हणाला. "पोरगी बोलतेय, ते ऐकू दे."