फ्लोरियनकाकांचं नटवलेलं घर

जनीन वोयताशच्या हाताला यश होतं, हे मी तिच्याशी कितीही भांडले तरी कबूल करीन. अमेरिकेतल्या बफेलो शहराच्या आमच्या भागात एखादं विकाऊ घर पडून राहिलं की एजंट तिलाच बोलवायचे. मी सामान वाहायचे, ती घर नटवायची. म्हणजे आधी राहत्या माणसांचा माग पुसून टाकायचा: फोटो, औषधं, क्रूस, फ्रिजवर चिकटवलेली नातवंडांची चित्रं. बघायला येणाऱ्याला तिथे स्वतःचा संसार दिसला पाहिजे, दुसऱ्याचा नाही.

नाताळात तर नियमांना ऊत यायचा. झाड सडपातळ हवं, म्हणजे खोली मोठी दिसते. दिवे पांढरेच. झाडाखाली रिकामे खोके, पण वरचा कागद भारीतला. बशीतली बिस्किटं डिंकाने चिकटवलेली, कारण गिऱ्हाइकांची पोरं हात घालतात. माझं डोकं फिरायचं. मी बोलले की जनीन म्हणायची, "मार्ज, तुला पगार सामान उचलायचा मिळतो, मत द्यायचा नाही."

त्या डिसेंबरात तिने स्वतःच्या वडिलांचं घर विकायला काढलं. फ्लोरियनकाका आयुष्यभर पोलादाच्या कारखान्यात राबलेले. बायको आयरीन गेल्यावर त्याच घरात एकटे राहिले आणि आता विसरायला लागले होते. शेगडी चालूच राहायची. जानेवारीपासून वृद्धाश्रमात खोली ठरली होती, पण घर विकल्याशिवाय ती परवडणार नव्हती. जनीनला एकच हवं होतं: हा शेवटचा नाताळ बाबांनी आपल्या घरात, आपल्या माणसांना ओळखत करावा.

एजंटने सांगितलं, शनिवारी एक जोडपं येतंय, ही अडगळ ठेवलीत तर घर जाणार नाही. काका म्हाताऱ्यांच्या क्लबात गेले आणि आम्ही कामाला लागलो. त्यांची तपकिरी खुर्ची, आयरीनबाईंनी मांडलेला येशूजन्माचा देखावा, खिडकीतले मोठे रंगीत दिवे, भिंतीवरची लग्नं आणि बाप्तिस्मे, सगळं गॅरेजमध्ये गेलं.

"खुर्ची तरी राहू दे गं," मी म्हटलं.

"खोली कोंदट दिसते," ती म्हणाली.

इतकं सुंदर काम तिने आजवर केलं नव्हतं. वडिलांसाठी करत होती ना.

संध्याकाळी काका आले. पायपुसण्यावर बूट घासघासून पुसले आणि तिथेच उभे राहिले.

"या ना बाबा, कोट काढा."

"नको बाई. बुटांना चिखल आहे. लोकांच्या घरात घाण कशाला?"

काका मूळचे थट्टेखोर, म्हणून जनीन हसली. "पुरे झाली नाटकं. बसा आता."

काकांनी मला हळूच विचारलं, "मालक कुठे गेलेत? नाही म्हणजे, त्यांना सांगून निघालेलं बरं. आयरीन वाट बघत असेल."

जनीनचं हसू मावळलं. मी तिच्याकडे बघायचं टाळलं.

शनिवारी इतका बर्फ पडत होता की काकांना बाहेर नेता आलं नाही. ते कोट घालून सोफ्याच्या कडेवर बसून राहिले आणि ते जोडपं आल्यावर उठून त्यांनी त्यातल्या मुलीला जागा दिली. "किती घरासारखं वाटतं इथे," ती म्हणाली. सौदा त्याच दिवशी ठरला.

नाताळच्या आदल्या दिवशी जनीनने मला बोलावून घेतलं. गॅरेजमधली एकूण एक वस्तू आम्ही परत आणली. खुर्चीचे पाय तिने गालिच्यावरच्या जुन्या खळग्यांत अचूक बसवले. रंगीत दिवे लावले. काका फोटोंसमोरून सावकाश चालत गेले आणि आयरीनबाईंपाशी थांबले.

"चांगलं कुटुंब दिसतंय," ते म्हणाले. "ही बाई मायाळू असणार."

खुर्चीत मात्र काही केल्या बसेनात. घरधन्याची असेल, म्हणाले.

मला संताप येत होता, आणि तो कोणावर काढावा ते कळत नव्हतं. जनीन टेबल मांडत होती. आमच्या पोलिश घरांत त्या संध्याकाळी एक ताट जास्तीचं मांडतात, दारी कोणी अनोळखी आलाच तर उपाशी जाऊ नये म्हणून. त्या ताटावर कोणी बसलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. टेबलाच्या टोकाला बाबांचं, बाजूला आमची दोघींची, आणि दाराच्या बाजूला ते जास्तीचं, असं तिने मांडलं.

काकांनी टोपी काढून काखेत धरली. टेबलावरून एकदा नजर फिरवली आणि दाराजवळच्या ताटावर जाऊन बसले.

"बाबा, तुमची जागा तिकडे आहे," जनीन म्हणाली.

"असू दे बाई, मला रीत ठाऊक आहे. आत घेतलंत, फार उपकार झाले."

जनीनने बिटाचं सूप आधी त्यांना वाढलं. टेबलाच्या टोकाचं त्यांचं ताट जेवण संपेपर्यंत तसंच राहिलं.