गाण्यातली मामी

“आधी जेव. मग काय ते रड.”

गावाहून नव्याने आलेल्या पोराचा चेहरा पाहिला की मामा एवढंच बोलायचे आणि ताट पुढे सरकवायचे. बहरीनमध्ये, बुसैतीनच्या एका गल्लीत त्यांची खानावळ होती, वरच्या खोल्यांत भाड्याच्या खाटा. मी एसीच्या कामाला आलो तेव्हा कंपनीची खोली तयार नव्हती. कुणीतरी मला मामांच्या दारात आणून सोडलं. मीही आधी जेवलो, मग रडलो.

तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल, ज्याला सगळे मामा म्हणतात आणि ज्याला सख्खा भाचा एकही नसतो. मामांनी लग्न केलं नव्हतं. आईवडील गेले तेव्हा ते इकडेच होते. त्यानंतर गाव सुटलं ते सुटलंच.

“मामा, सुट्टीवर का जात नाही?”

“मग भात कोण लावणार? तुझा बाप?”

वर राहणारा एक चिपळूणकडचा प्लंबर गाणी रचायचा. सुट्टीवर गेला तेव्हा त्याने गणपतीतल्या जाखडी नाचासाठी मामांवरच गाणं केलं. बहरीनला एक खानावळवाला आहे, त्याच्या दारातून उपाशी कुणी जात नाही, असं काहीसं. परत आल्यावर त्याने मोबाइलवर ते लावलं. मामा पळी हातात धरून ऐकत होते. गाण्यात त्यांच्या शेजारी भाकऱ्या थापणारी एक मामीही होती.

“ही रे कोण?” मामांनी विचारलं.

आम्ही सगळ्यांनी प्लंबरकडे पाहिलं.

“यमक जुळेना, मामा,” प्लंबर पुटपुटला.

“बरी आहे. राहू दे,” मामा म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, “परत लाव बघू एकदा.”

गाणं या गावातून त्या गावात गेलं. मामांच्या गावातही पोचलं. त्यामुळेच असेल, पुढच्या गणपतीत मामा सुट्टीवर गेले. महिनाभरासाठी गेलेले आठवड्यातच परत आले. का, ते त्यांनी मला भांडी घासता घासता सांगितलं.

देवळासमोर पोरं मामांवरच्याच गाण्यावर नाचत होती. मामा गर्दीत उभे होते. शेजारी उभ्या असलेल्या म्हातारीने विचारलं, “कोणाचा रे तू?” मामांनी वडिलांचं नाव सांगितलं. तिला आठवेना. मग म्हणाले, “बहरीनला असतो.”

“मग तो गाण्यातला खानावळवाला बघितलास काय?”

“बघितलाय.”

“त्याची बायको बरी आहे ना? एकटी किती जणांच्या भाकऱ्या थापते, बाय!”

“बरी आहे.”

हे सांगताना मामा हसत होते. “खरं सांगितलं असतं तर म्हातारीला वाईट वाटलं असतं रे,” म्हणाले आणि पातेलं जरा जोरातच घासू लागले.

गेल्या वर्षी मालकाने ती इमारत पाडायला काढली. खानावळ खलास. नवी जागा बघायचं मामांचं वय नव्हतं, व्हिसाही संपत आला होता. एव्हाना माझं बिऱ्हाडही इकडे आलं होतं; निघायच्या दिवशी मी मामांना हमद टाउनला घरी जेवायला आणलं. बायको वाढत होती आणि मामा सारखे उठून स्वयंपाकघरात डोकावत होते.

“अंकल, प्लीज सिट डाउन,” माझी मुलगी म्हणाली. तेव्हा कुठे बसले.

“गावाला कुणाकडे उतरणार, मामा?”

“बघू. असेल एखादी खानावळ.”

विमानतळावर त्यांना सोडलं. आत गेल्यावर वळून हात करतील म्हणून मी काचेबाहेर थांबलो. मामा रांगेत पुढच्या माणसाची जड बॅग उचलायला वाकले होते.